बिबड्यांची राखण

झुंबरबाई गाडीत येऊन बसल्या, हेच रुपालीला आधी खरं वाटेना.

पेपरात बातमी आली त्या दिवसापासून थोरल्या जावेनं तिच्याशी शब्द काढला नव्हता. एकाच घराचे दोन भाग, मधे एक अंगण, अंगणात एकच दोरी. दोघींची लुगडी त्या दोरीवर शेजारी-शेजारी वाळत, आणि झुंबरबाई आपलं तेवढं काढून, तोंड फिरवून आत निघून जात. आज मात्र त्या ठेवणीतलं हिरवं नऊवारी नेसून, मांडीवर स्टीलचा मोठा डबा घेऊन मागच्या सीटवर रुपालीच्या शेजारीच बसल्या. डब्यात काय आहे ते विचारायची रुपालीला हिंमत झाली नाही.

गोकुळ गाडी चालवत होता. त्याच्या शेजारी त्याचे वडील, तोतारामभाऊ, घडी घातलेला पेपर मांडीवर आपटत बसले होते. बी-बियाण्याचं दुकान मुलाच्या हातात दिल्यापासून भाऊंना वेळच वेळ होता, आणि तो सगळा या आठवड्यात त्या बातमीवर खर्च झाला होता.

"'दिग्दर्शिकेच्या एकाकी बालपणाची काळोखी कहाणी,'" त्यांनी पुन्हा वाचलं. "एकाकी! आपल्या घरात एका पंगतीला माणसं मावत नव्हती. एकटं पडायला जागा तरी होती का रे, गोकुळ?"

"आबा, पेपरवाले लिहितात तसं. दिपूताईनं नाही लिहिलेलं."

"तिनं सांगितलं असंल तव्हाच लिहिलं ना? आणि तूच ती बातमी ग्रुपवर टाकली, वर टाळ्या वाजवणारे हात टाकले. शिंदखेड्याच्या आत्याचा फोन आला मला. म्हणे, तोताराम, भावाच्या पोरीला तुम्ही जेवायला देत होते ना?"

गोकुळ हसू दाबत पुढे बघत राहिला. रुपालीनं खिडकीबाहेर पाहिलं. पारोळा मागे पडला होता. रस्त्याच्या कडेला कपाशीची रिकामी झालेली शेतं, मधेच एखादं हिरवं मक्याचं. सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण गेला नव्हता. पोहे केले होते. ताटलीत घेतले आणि परत पातेल्यात ओतले.

भाऊंना घराण्याची काळजी होती. रुपालीची भीती वेगळी होती, आणि ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

नवरा, निंबा, गेला तेव्हा लेक दिपमाला पहिलीत होती. रुपालीची शिक्षिकेची नेमणूक सावद्याच्या पुढे, केळीच्या बागांच्या मधोमध एका खेड्यात. खोलीला धड कडी नाही, दवाखाना दूर. तेव्हा याच झुंबरबाई म्हणाल्या होत्या, पोरगी इथे राहू दे, तू शनिवारी येत जा. मग दर शनिवारी शाळा सुटली की रुपाली एसटी पकडायची, धुळ्याला पोचेस्तोवर दिवेलागण व्हायची. रविवार लेकीचा. सोमवारी पहाटेची पहिली गाडी. दिपमाला चौथी पास झाली तेव्हा कुठे बदली मिळाली. या सगळ्यात आपण काय चुकलो, हे रुपालीनं स्वतःला हजारदा विचारलं होतं. लेकीला एकदाही नाही. आता लेकीनं न विचारताच उत्तर दिलं होतं, आणि ते पडद्यावर दिसणार होतं.

फोनवर दिपमाला एवढंच म्हणाली होती, "आई, तू ये. आधी काही विचारू नकोस. बघ, मग बोल."

रुपाली मास्तरीण होती. तयारी न करता ती कुठल्याच परीक्षेला बसली नव्हती. बातमीत लिहिलं होतं की सिनेमात एक एकटी मुलगी आहे आणि तिची एक मैत्रीण आहे, जी दुसऱ्या कुणाला दिसत नाही. तसले सिनेमे रुपालीनं मोबाईलवर शोधून, दार लावून पाहिले. छोटे, कमी पैशांत काढलेले, कुठल्या कुठल्या देशांतले. भाषा कळत नव्हती, पण कळायचं ते कळत होतं. सगळ्यांत अंधारं घर, सगळ्यांत एकटं पोर, आणि त्याचा तो न दिसणारा सोबती. सुरुवातीला गोड बोलणारा, मग हळूहळू पोराला गिळणारा. आणि सगळ्या सिनेमांत चूक आईची. आई कामावर गेलेली, आई दारू प्यालेली, आई फोनवर बोलणारी. एकाही सिनेमात आई सुटली नव्हती.

"आणि म्हणे, गच्चीवर घडतं सगळं," भाऊंचं चालूच होतं. "आपली गच्ची! अख्खी गल्ली तिला जेल म्हणते, एवढा उंच कठडा. उद्या लोक म्हणतील, पोरीला कोंडून ठेवायलाच बांधला. हिला किती सांगितलं होतं तेव्हा, विटा वाया घालू नको. नाही! म्हणे माकडं येतात. त्या काळात धुळ्यात माकड बघायला मदाऱ्याकडे जावं लागायचं."

"मोऱ्हे दख, गोकुळ," झुंबरबाई एकदम म्हणाल्या. "तुना बाप बोलत ऱ्हाई. ट्रक येई राह्यना."

ट्रक चांगला लांब होता. पण भाऊ गप्प झाले. रुपालीनं चोरून जावेकडे पाहिलं. झुंबरबाईंनी डबा दोन्ही हातांनी असा धरला होता, की जणू कुणी तो हिसकावून नेणार आहे. यांनाही भीती वाटते आहे, रुपालीच्या मनात आलं. साहजिकच आहे. सिनेमात काकू असणार. आणि अशा सिनेमांत काकू कशी असते ते काय सांगायला हवं?

*

जळगावातल्या एका कॉलेजचा तो हॉल. खिडक्यांना काळे पडदे, खुर्च्या लोखंडी. दाराशीच दिपमाला उभी होती. कापलेले केस, सुती कुर्ता, डोळ्यांखाली जागरण. ती आधी झुंबरबाईंच्या पाया पडली, मग उठून त्यांना मिठीच मारली. झुंबरबाईंनी तिच्या कानाशी काहीतरी विचारलं. दिपमालानं मान हलवली. नकारार्थी की होकारार्थी, ते रुपालीला कळलं नाही. मिठी आधी काकूला पडली, हे मात्र कळलं.

"आई, काही खाल्लंस?"

"हो तर. पोहे."

"खोटं बोलतेस," दिपमाला म्हणाली आणि आत गेली.

दिवे गेले. रुपालीनं अंधार येणार म्हणून मन घट्ट केलं, आणि पडदा पांढराफटक उजळला. ऊन. डोळ्यांना टोचणारं, चैत्रातलं धुळ्याचं ऊन. गच्चीवर ओली धोतरं अंथरलेली, आणि त्यांवर ओळीनं थापलेले ज्वारीचे बिबडे, पापडासारखे. कोपऱ्यात पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक मुलगी, डोक्यावर ओला पंचा, हातात काठी. सकाळची शाळा करून आलेली, युनिफॉर्म अजून अंगावर. खाली बायका बिबड्यांसाठी ज्वारीचा घाटा शिजवताहेत, हसताहेत, कुणाच्या तरी लग्नाचं बोलताहेत. त्या आवाजात मुलीला जागा नाही. तिचं काम कावळे हाकलायचं.

खानदेशात वाळवण घातलेल्या प्रत्येक गच्चीवर असं एक पोर बसलेलं असतं. रुपालीही लहानपणी बसली होती. पण त्या पोराकडे एवढा वेळ टक लावून कधी कुणी पाहिलं नव्हतं. कॅमेरा हलतच नव्हता. ऊन सरकत होतं. मुलगी कावळ्याला शुक म्हणत होती, मग कावळा गेला म्हणून उदास होत होती.

मग धोतराच्या पलीकडच्या कडेनं एक छोटा हात आला, अर्धवट ओला बिबडा त्यानं अलगद उचलला आणि तो कडेच्या बाहेर गेला. फक्त हात. तोंड शेवटपर्यंत दिसलं नाही. पण आवाज ऐकू यायचा, शहाण्या मुलीसारखा, समजूतदार. दोघी बोलू लागल्या. बिबडे कमी होऊ लागले, मुलीला बोलणी बसू लागली. "मी नाही खाल्ले, तिनं खाल्ले," मुलगी सांगायची. "तिनं म्हणजे कोणी?" सगळे हसायचे, आणि तीही दुसऱ्या दिवशी पुन्हा वर जायची. आता तिला जायची घाई असायची.

रुपालीला मोबाईलवरचे सिनेमे आठवले. आता गिळणार, तिला वाटलं.

एका दुपारी खालचे आवाज बंद झाले. सगळ्या बायका पडल्या असाव्यात. आवाज म्हणाला, "कठड्यावर चढलं की एसटी स्टँड दिसतो."

"खोटं."

"खरंच. तुझी आई उतरताना दिसेल."

"आज बुधवार आहे."

"म्हणून काय झालं? चढून तर बघ."

पडद्यावरचा कठडा बुटका होता. मुलीच्या कमरेइतका. मुलीनं काठी खाली ठेवली, गुडघा वर टेकवला, मग दुसरा, आणि ती उभी राहिली. खाली गल्ली. तिनं टाचा उंचावल्या.

रुपाली खुर्चीत पुढे सरकली. हे घडलं होतं? हे माझ्या पोरीच्या बाबतीत घडलं होतं, आणि मी त्या वेळी तिकडे फळ्यावर पाढे लिहीत होते? तिच्या मनगटावर काहीतरी घट्ट आवळलं गेलं. झुंबरबाईंचा हात होता.

पडद्यावर जिन्याच्या तोंडाशी एक बाई आली. कोपरापर्यंत हात घाट्यानं बरबटलेले. तिनं मुलीला पाहिलं. ती किंचाळली नाही, धावली नाही. जागच्या जागी उभी राहिली, आणि रोजच्या आवाजात, जरा कटकटल्यासारखं, म्हणाली:

"दोन्ही जनी खाले या. घाटा थंडा व्हई राह्यना."

मुलगी वळली नाही.

"आनि तिले इचार," बाई म्हणाली, "तेल जास्ती लागस का कमी. माले काय ठावं?"

मुलीनं मान वळवली. बाजूला, टाकीच्या सावलीकडे बघून तिनं विचारलं, "तेल जास्ती लागतं का कमी?" उत्तर नीट ऐकू येईना म्हणून ती खाली बसली. मग एक पाय खाली सोडला.

पुढच्या दृश्यात गच्चीवर दोन वाट्या. दोन्हींत वाफाळता घाटा, दोन्हींवर तेल. बाई समोर बसून आहे, आणि मुलीच्या युनिफॉर्मची कड तिनं मुठीत घट्ट धरलीय.

शेवटचं दृश्य लहानसं होतं. संध्याकाळ. खालून दार वाजल्याचा आवाज, पिशवी जमिनीवर ठेवल्याचा, चपला काढल्याचा. मुलगी काठी टाकून जिन्यावरून धडधडत खाली पळाली. गच्ची रिकामी. आणि मग धोतराच्या कडेनं तो छोटा हात आला, त्यानं काठी उचलली आणि कावळ्यांवर उगारून धरली. दिवे लागले.

*

टाळ्या थांबल्यावर पुढच्या रांगेतले एक निवृत्त प्राध्यापक उठले. "मी असे बरेच सिनेमे पाहिलेत," ते म्हणाले. "त्यांत ही अदृश्य मैत्रीण शेवटी मुलाला घेऊन जाते. नाहीतर डॉक्टर येतो, मांत्रिक येतो आणि तिला हाकलतो. तुम्ही तिला जेवायला वाढलंत. हे कसं सुचलं?"

"मला नाही सुचलं, सर," दिपमाला म्हणाली. "मोठ्याईला सुचलं होतं. माझी काकू. बिबडे संपेपर्यंत ती रोज दोन वाट्या आणायची. दुसरीतलं कोण खायचं ते तिनं कधी विचारलं नाही."

रुपालीनं जावेकडे पाहिलं. झुंबरबाई समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होत्या.

मग मागून एक कॉलेजातली मुलगी उठली. "मॅम, सिनेमा फार आवडला. पण यात आई कुठेच नाही. तिचा चेहरासुद्धा नाही. मला त्या आईचा खूप राग आला. तुम्हाला आला होता का?"

हा तो प्रश्न. रुपालीनं मान खाली घातली. पायाखालची फरशी, फरशीवर कुणीतरी टाकलेलं शेंगेचं टरफल. आता लेक काहीतरी चांगलं, गोल-गोल बोलेल, तिला वाटलं, कारण आपण इथे बसलो आहोत. आणि ते गोल-गोल बोलणं आपल्याला जन्मभर पुरेल.

दिपमालानं माइक या हातातून त्या हातात घेतला.

"आई आली की ती मैत्रीण यायची नाही," ती म्हणाली. "शनिवारी संध्याकाळी मी जी खाली पळायचे, ती सोमवारपर्यंत तिची आठवणसुद्धा यायची नाही मला. तिलाच एकटीला वाळवण राखावं लागायचं. शेवटी काठी तीच उचलते, पाहिलंत ना? आई सिनेमात नाही, कारण आई आलेल्या दिवसांचा सिनेमा होत नाही. त्या दिवसांत काही घडायचंच नाही. ती माझ्या केसांना तेल लावायची, मी झोपायचे. यात दाखवणार काय?"

हॉल हसला. ती कॉलेजातली मुलगी हसत खाली बसली. रुपालीला हसू आलं नाही की रडू आलं नाही. तिला एकदम कडकडून भूक लागली. एवढी, की शेजारच्या खुर्चीवरच्या लहान मुलाच्या हातातला बिस्किटाचा पुडा तिला दिसू लागला.

तेवढ्यात तोतारामभाऊ उभे राहिले. गोकुळनं त्यांचा शर्ट मागून ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"मी या मुलीचा सख्खा काका," ते म्हणाले. घरून त्यांनी बरंच पाठ करून आणलं होतं, हातात पेपरही होता. त्यांनी पेपरकडे पाहिलं, मग तो खिशात कोंबला. "मला फक्त एवढंच सांगायचंय, की तो कठडा पुढं उंच केला गेला. मला सांगितलं होतं, माकडांसाठी. मी आजवर लोकांना तेच सांगत आलो." ते खाली बसले. पुन्हा अर्धवट उठले. "सिनेमा चांगला आहे."

या वेळी टाळ्या जास्त पडल्या.

*

बाहेर पार्किंगमध्ये भाऊ आणि गोकुळ गाडीशी पोचेपर्यंत रुपालीनं जावेला गाठलं.

"अक्का, तुम्ही मला कधी बोलला नाहीत."

"काय बोलू?"

"कठड्याचं. त्या बुधवारचं. एवढी वर्षं."

झुंबरबाईंनी डबा या कुशीतून त्या कुशीत घेतला. "सांगती त तू नोकरी सोडी देती. मंग दोन्ही मायलेकी मना गळामा." आणि मग जरा हळू, "पोरले मी वचन दिन्हं व्हतं, तुनी मायले सांगाव नही. पेपर दखा, मनमा धडकी भरनी. म्हन्लं, आते रुपालीले कळी, ती म्हनी, पोर सोपी दिन्ही व्हती हिना भरवशावर, आनि हाई काय करं हिनं? तुनाकडे कोनतं तोंड लिसन दखू मी?"

"म्हणून बोलत नव्हता?"

"मंग कसाले?"

रुपालीला वाटलं होतं, जाऊ रागावली आहे. आठवडाभर दोघी एका दोरीवर लुगडी वाळवत, एकमेकींच्या भीतीनं गप्प राहिल्या होत्या. ती काही बोलणार तोच दिपमाला मागून आली आणि दोघींच्या दंडांत हात घालून म्हणाली, "आई, मघाशी दाराशी म्हणाली होतीस पोहे खाल्ले. चल, भरीत खायला. तुझं तोंड बघवत नाही."

भरताच्या त्या साध्या हॉटेलात पाच जण एका लांब टेबलाला बसले. कपाशीच्या काड्यांच्या आगीवर भाजलेल्या वांग्यांचा वास बाहेर रस्त्यापर्यंत येत होता. पोऱ्या विचारायला आला, तर झुंबरबाईंनीच सांगून टाकलं, "सहा ताटं."

"पाच जन शेतस आपन," भाऊ म्हणाले. "सहावं कोनले?"

"व्हई कोनलेबी."

भाऊंनी टेबलाच्या रिकाम्या टोकाकडे पाहिलं, मग दिपमालाकडे, आणि पहिल्यांदाच या आठवड्यात काही न बोलता भाकरी मोडली. झुंबरबाईंनी डबा उघडला. आत भाजलेले बिबडे होते, तीळ आणि लसूण घातलेले, एकावर एक रचलेले. त्या सगळ्यांच्या ताटांत एकेक ठेवत गेल्या. सहाव्या ताटातही ठेवला.

बोलणं सुरू झालं. गोकुळ सांगू लागला की तो लहानपणी जिन्यात लपून ऐकायचा आणि त्याला वाटायचं, दिपूताईला भुताशी बोलता येतं, म्हणून तो तिला कधी मारत नसे. "बरं झालं," दिपमाला म्हणाली, "एवढा तरी फायदा झाला." भाऊ शिंदखेड्याच्या आत्याला फोन लावून ओरडून सांगत होते, की जेवायला दिलं होतं, दोन-दोन वाट्या दिल्या होत्या, सिनेमात सगळं दाखवलंय.

रुपाली जेवत होती. तिनं आपलं ताट केव्हा संपवलं तिला कळलं नाही. भाकरीचा शेवटचा तुकडा भरताच्या तेलात फिरवला, आणि हात आपसूक शेजारच्या सहाव्या ताटाकडे गेला. मिरचीनं नाक वाहत होतं, डोळेही वाहत होते, आणि ती थांबत नव्हती.

"मोठ्याई," दिपमाला हसत सुटली, "बघ, तिचं ताट आई खाते आहे!"

झुंबरबाईंनी मान वर करून पाहिलं. मग तेलाची वाटी उचलून त्यांनी टेबलावरून सरकवली.

"खावू दे. इचार तिले, तेल जास्ती लागस का कमी."

"जास्ती," रुपाली भरल्या तोंडानं म्हणाली.